वेळेचे चिलखत

सैन्यापुढचा एक पेच फार जुना आहे. टिकायचे तर जड असावे लागते आणि वेळेवर पोचायचे तर हलके. साठ-पासष्ट टनांचा रणगाडा शत्रूच्या माऱ्यात उभा राहतो. पण त्याला रणांगणापर्यंत न्यायला जहाज लागते, रेल्वे लागते, ट्रेलर लागतात, तेवढे वजन पेलणारे पूल लागतात आणि काही आठवडे लागतात. छत्रीधारी जवान एका रात्रीत पोचतो, पण त्याच्याबरोबर येते ते जेमतेम पाठीवर मावेल तेवढेच. या दोहोंमधली फट बुजवण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत जगातल्या बऱ्याच सैन्यांनी साधारण एकच उत्तर काढले आहे : आठ चाकांची, वीस-पंचवीस टनांची चिलखती गाडी आणि तिच्यातून जाणारे पायदळ. अमेरिकेची स्ट्रायकर, फ्रान्सची व्हीबीसीआय, जर्मनी आणि नेदरलँड्सची बॉक्सर, पोलंडची रोसोमाक, चीनची टाइप-०८ ही सगळी त्याच कुळातली. आपल्याकडची व्हॅप हीदेखील त्यातलीच. अहिल्यानगरची संरक्षण प्रयोगशाळा आणि टाटा यांनी मिळून ती घडवली.

या गाड्यांवर जेव्हा जेव्हा चर्चा होते तेव्हा ती चिलखताची जाडी, तोफेचा व्यास आणि इंजिनाची अश्वशक्ती यांच्याभोवती फिरते. माझ्या मते ही चर्चाच चुकीच्या टोकाने सुरू होते. मध्यम वजनाच्या फौजेचे खरे चिलखत पोलादाचे नसते, वेळेचे असते. शत्रूची मोर्चेबांधणी होण्याआधी ती पोचली तर तिचे पातळ पोलाद पुरते. उशीर झाला तर कितीही पोलाद चढवले तरी ते कमीच पडते. आणि वेळ कारखान्यात तयार होत नाही. तो मिळतो झटपट राजकीय निर्णयातून, आधीच पुढे नेऊन ठेवलेल्या ठाण्यांतून, रस्त्यांतून आणि रसदेतून. ज्या देशांनी हे सगळे सोडून नुसती गाडी घेतली, त्यांना धड रणगाडाही मिळाला नाही आणि धड वेगही.

या विचाराचा उगम ज्या प्रसंगांत आहे ते पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळले तेव्हा सौदीच्या वाळवंटात सर्वांत आधी उतरली ती अमेरिकेची ८२ वी एअरबोर्न डिव्हिजन. इराकी रणगाडे तसेच दक्षिणेकडे सरकले असते तर त्यांना थोपवण्याजोगे तिच्याकडे फारसे काही नव्हते. ते सरकले नाहीत, हे तिचे नशीब. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या गल्ल्यांत अमेरिकी रेंजर अडकले आणि त्या लढाईत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले. अडकलेल्यांना सोडवायला जो ताफा गेला त्यात पाकिस्तानचे जुने एम-४८ रणगाडे होते आणि मलेशियाच्या ‘काँडोर’ गाड्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याला त्या रात्री चार चाकांवरची बेताची चिलखती गाडी दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागली.

खरा धक्का बसला तो १९९९ मध्ये. कोसोव्होच्या युद्धासाठी एप्रिलमध्ये अमेरिकेने अल्बेनियातल्या रिनास विमानतळावर २४ अपाचे हेलिकॉप्टरे पाठवायचे ठरवले. हेलिकॉप्टरांच्या पाठोपाठ त्यांच्या रक्षणाला रणगाडे, चिलखती गाड्या आणि रॉकेट लाँचर आले. पावसाने विमानतळाच्या आजूबाजूला नुसता राडा झाला होता. जड सामान ठेवायला कोरडी जमीन नव्हती आणि बाहेर पडायला धड रस्ते नव्हते. सगळा पसारा मांडून होईपर्यंत आठवडे गेले. सरावात दोन हेलिकॉप्टरे कोसळली, दोन वैमानिक गेले आणि युद्ध संपेपर्यंत एकाही अपाचेने कोसोव्होत हल्ला चढवला नाही. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

त्याच युद्धाच्या शेवटी, ११ जूनला, बोस्नियातल्या शांतिसेनेतली सुमारे दोनशे रशियन जवानांची एक तुकडी चाकांच्या बीटीआर-८० गाड्या आणि ट्रक घेऊन निघाली, सर्बिया ओलांडून रात्रभर धावली आणि नाटोचे सैन्य येण्याआधी प्रिस्टिनाच्या विमानतळावर जाऊन बसली. बीटीआर-८० ही काही नावाजलेली गाडी नव्हे. तिचे चिलखत बंदुकीच्या गोळीपुरते. पण ती वेळेवर तिथे होती. नाटोचे युरोपातले सर्वोच्च सेनापती जनरल वेस्ली क्लार्क यांना धावपट्टी अडवायची होती. जागेवरचे ब्रिटिश सेनानी जनरल माइक जॅक्सन यांनी रशियाशी थेट चकमक ओढवून घ्यायला नकार दिला. दोनशे माणसांनी गोळी न झाडता साऱ्या नाटोला वाटाघाटीच्या मेजावर आणले.

या प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. रशियाला विमानाने आणखी कुमक पाठवायची होती. हंगेरी, रुमानिया आणि बल्गेरिया यांनी आपल्या आकाशातून जाऊ दिले नाही. धावपट्टीवर बसलेल्या त्या शूरांकडे काही दिवसांतच पाणी आणि अन्नाची चणचण झाली आणि ज्यांच्यावर कुरघोडी केली त्या ब्रिटिशांकडूनच मदत घ्यावी लागली. लवकर पोचणे हे अर्धेच काम असते. मागून रसद आली नाही तर तुमच्या वेगाचा उपयोग फक्त दुसऱ्यांच्या आधी अडकण्यापुरता होतो.

प्रिस्टिनाच्याच महिन्यात, जून १९९९ मध्ये, जनरल एरिक शिन्सेकी अमेरिकी भूदलाचे प्रमुख झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपला आराखडा जाहीर केला : जगात कुठेही ९६ तासांत एक ब्रिगेड, १२० तासांत एक डिव्हिजन, ३० दिवसांत पाच डिव्हिजन. त्यासाठी एक अंतरिम गाडी हवी होती. स्विस ‘पिरान्हा’वरून कॅनडाने विकसित केलेली आठ चाकी गाडी निवडली गेली आणि २००२ मध्ये तिचे नाव स्ट्रायकर ठेवले गेले. हे नाव या आडनावाच्या दोन अमेरिकी सैनिकांवरून आले : एक स्ट्रायकर दुसऱ्या महायुद्धात पडला, दुसरा व्हिएतनाममध्ये. दोघांनाही सर्वोच्च शौर्यपदक मिळाले होते आणि दोघांचे एकमेकांशी काही नाते नव्हते.

गाडी चाकांचीच का, यामागचे गणित साधे आहे. पट्ट्यांवर चालणारी गाडी आपले वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरवते, म्हणून चिखल, वाळू आणि नांगरलेले शेत तिला फारसे अडवत नाही. पण पट्टा झिजतो, इंधन खातो, रस्ता उखडतो आणि लांबच्या कूचेत ट्रेलर मागतो. चाकांची गाडी स्वतःच्या पायांवर हजार किलोमीटर जाते, कमी आवाज करते, दुरुस्तीला सोपी असते आणि एखादे चाक फुटले तरी चालत राहते. किंमत एकच, आणि ती मोठी आहे : वजन वीस टनांच्या पुढे गेले की रस्त्याखेरीज इतरत्र चाकांची तारांबळ उडू लागते. म्हणजे ही फौज रस्त्याशी लग्न लावूनच जन्माला येते. आणि तुम्ही कोणत्या रस्त्याने येणार हे शत्रूलाही नकाशावर दिसते.

दुसरी अट होती विमानाची. सी-१३० हे विमान कच्च्या धावपट्टीवरही उतरते, तेव्हा गाडी त्यात मावलीच पाहिजे असे ठरले. त्यासाठी मूळ गाडीचे वजन सतरा टनांच्या आसपास ठेवावे लागले. मावली खरी, पण इंचाइंचाने, आणि तेवढ्या वजनाने विमानाचा पल्ला फार आखूड होत होता. मग पहिली स्ट्रायकर ब्रिगेड लढाईला निघाली ती कशी? २००३ च्या अखेरीस, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजात बसून, समुद्रमार्गे कुवेतला. तिथून ती स्वतःच्या चाकांवर इराकभर उत्तरेला मोसुलपर्यंत गेली. ९६ तासांची घोषणा कागदावर राहिली. त्या घोषणेसाठी चिलखत पातळ ठेवले होते, ते मात्र तसेच राहिले.

युद्धाला निघण्याआधीच ते पातळ पोलाद पुरणार नाही हे उमगले होते. त्यावर काढलेला उपाय जवळून पाहण्यासारखा आहे. गाडीच्या चारही बाजूंना, अंगापासून जवळजवळ हातभर अंतरावर, पोलादी पट्ट्यांचा पिंजरा लावला. आपल्या बाल्कनीला ग्रिल असते तसाच. आरपीजी-७ चा गोळा अशा दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकला की त्याचे टोकदार नाक चेपते, आतला विजेचा जोड बिघडतो आणि पुष्कळदा तो फुटतच नाही. फुटलाच तर गाडीच्या अंगापासून दूर फुटतो. पिंजऱ्याने मोसुलमध्ये अनेकांचे जीव वाचवले. पण त्याचे वजन दोन टनांच्या वर होते. त्या ओझ्याने टायरमधली हवा आपोआप राखणारी यंत्रणा गडबडू लागली आणि जवानांना दिवसातून तीन-तीन वेळा खाली उतरून हवेचा दाब तपासावा लागे. गाडीची रुंदी वाढली, अरुंद गल्ल्यांत वळणे अवघड झाले, पावसात कडेची माती खचली तर उलटण्याची भीती वाढली. आणि पिंजऱ्यासकट ती सी-१३० मध्ये जाण्याचा प्रश्नच उरला नाही. विमानात मावावी म्हणून जी गाडी हलकी केली, ती हलकी होती म्हणून तिला पिंजरा लागला आणि पिंजरा लागला म्हणून ती विमानात मावेना.

तरीही मोसुलमध्ये ही ब्रिगेड यशस्वी ठरली आणि त्याचे कारण समजून घ्यायला हवे. स्ट्रायकरमधून नऊ जवान उतरतात. ब्रॅडलीसारख्या जड लढाऊ गाडीतून सहा-सात. म्हणजे चिलखती फौज असूनही या ब्रिगेडकडे रस्त्यावर उतरून दार ठोठावणारी, माणसांशी बोलणारी, छपरावर पहारा देणारी माणसे भरपूर होती. गाडीगाडीत डिजिटल नकाशा होता, त्यावर आपली प्रत्येक गाडी दिसे. त्यामुळे शहराच्या एका टोकाला चकमक सुरू झाली की दुसऱ्या टोकाची तुकडी कुणाला वाट न विचारता तिकडे वळे. पक्क्या रस्त्यांचे शहर, हलके शस्त्र बाळगणारा शत्रू आणि उतरणारे पुष्कळ पायदळ असे गणित जुळले तिथे मध्यम फौज शोभली. गाडीची खरी किंमत तिच्यातून उतरणाऱ्या माणसांत होती.

पण याच शहराने या फौजेचा दुसरा धोकाही दाखवला. इराकवर ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील, असे शिन्सेकींनी फेब्रुवारी २००३ मध्येच सिनेटच्या समितीला सांगितले होते. वरिष्ठांनी ते उडवून लावले. मोसुलमध्ये १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या सुमारे वीस हजार सैनिकांच्या जागी त्याच्या निम्म्याहूनही कमी माणसे ठेवली गेली, कारण ती वेगाने फिरू शकत होती. नोव्हेंबर २००४ मध्ये फलुजावर मोठी चढाई ठरली तेव्हा मोसुलमधली एक स्ट्रायकर बटालियन तिकडे पाठवली. त्याच दिवसांत मोसुलमध्ये बंडखोरांनी उठाव केला, शहराचे पोलीस दल कोसळले आणि गेलेली बटालियन धावत परत आणावी लागली. हलवता येते म्हणून हलवले जाते, आणि हलवले की मागची जागा रिकामी होते. वेग हा माणसांच्या संख्येला पर्याय नाही, हा धडा हिशेबनीसांना नेहमी महागात पडतो.

अफगाणिस्तानात गणितच बदलले. २००९ मध्ये एक स्ट्रायकर ब्रिगेड कंदाहारजवळच्या अर्घंदाब खोऱ्यात गेली. डाळिंबाच्या बागा, पाटाचे कालवे, मातीच्या भिंती आणि मोजके कच्चे रस्ते. गाडी रस्ता सोडू शकत नव्हती आणि शत्रू नेमका रस्त्याखाली स्फोटके पुरत होता. २७ ऑक्टोबरला एका गाडीखाली झालेल्या स्फोटात सात सैनिक आणि एक अफगाण दुभाषी ठार झाले. त्या एका बटालियनने काही महिन्यांत वीसच्या वर माणसे गमावली. मग तळाला इंग्रजी दोन ‘व्ही’सारखा आकार दिलेली नवी स्ट्रायकर आली. स्फोटाचा धक्का बाजूला वळवणारा तो आकार होता आणि त्याने प्राण वाचवले. पुढे रशियाचे भय वाढले तसा युरोपातल्या गाड्यांवर ३० मिलिमीटरची तोफ आली. इंजिन मोठे झाले, वजन पंचवीस टनांच्या वर गेले. रणगाड्याची उणीव भरून काढायला १०५ मिलिमीटरची तोफ बसवलेली जी आवृत्ती काढली होती ती शेवटी मोडीतच निघाली. यात कुणाचा मूर्खपणा नाही. प्रत्येक भर पडली ती खऱ्या मृत्यूंनंतर, खऱ्या गरजेतून. पण वेळ हातचा गेल्यावर त्याची भरपाई पोलादाने करत गेले की कुठे पोचतो, हे या एका गाडीच्या वजनात वाचता येते.

उलट ज्यांनी ही फौज आपल्या भूगोलातून आणि सवयीतून घडवली त्यांचा अनुभव वेगळा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याला हजारो किलोमीटरची कोरडी सपाटी ओलांडायची असे. सत्तरच्या दशकात त्यांनी सहा चाकांची ‘राटेल’ बनवली, एका टाकीत हजारेक किलोमीटर जाणारी. ऑक्टोबर १९८७ मध्ये अंगोलात लोंबा नदीकाठी राटेलवरच्या ९० मिलिमीटरच्या तोफांनी रशियन बनावटीच्या टी-५५ रणगाड्यांचाही समाचार घेतला, तोही समोरून न भिडता, झाडीतून बाजूला सरकत, एकेका रणगाड्यावर अनेक गोळे टाकून. पण त्याच मोहिमेत पुढे ऑलिफंट रणगाडे मागवावेच लागले. चपळाईने मिळालेली फुरसत संपली की जड फौजेला बोलवायचे, हे त्यांना कळत होते.

फ्रान्सचे उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारी २०१३ मध्ये मालीत उत्तरेकडच्या जिहादी टोळ्या दक्षिणेला सरकू लागल्या. अध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांनी ११ जानेवारीला मोहीम सुरू केली. आयव्हरी कोस्टच्या आबिजानमध्ये फ्रेंच फौज आधीपासून होती. तिथल्या चाकांच्या चिलखती गाड्या रस्त्याने निघाल्या आणि काही दिवसांत मालीच्या राजधानीत, बामाकोत पोचल्या. चाडमधून आणखी कुमक आली. महिना संपायच्या आत गाओ, टिंबक्टू आणि किदाल ही तिन्ही शहरे टोळ्यांच्या हातून गेली होती. या मोहिमेत धावलेल्या गाड्यांपैकी बऱ्याचशा जुन्या होत्या. सहा चाकांची, १०५ मिलिमीटर तोफेची एएमएक्स-१० आरसी तर १९८० च्या दशकारंभी सेवेत आलेली. फ्रान्सला यश मिळाले ते आबिजानच्या छावणीमुळे, त्या प्रदेशातल्या अनेक दशकांच्या वावरामुळे आणि अध्यक्षांना एका बैठकीत निर्णय घेता येतो अशा राज्यव्यवस्थेमुळे. या वावरामागे वसाहतवादाचा काळा इतिहास आहे आणि पुढच्या दहा वर्षांत मालीतून फ्रान्सला बाहेरही पडावे लागले, हे विसरून चालणार नाही. तीन आठवड्यांत शहर घेणारी फौज दहा वर्षांत देश सावरू शकत नाही. पण शहर घेणे हेच तिचे काम होते आणि ते तिने चोख केले.

आता हीच एएमएक्स-१० आरसी युक्रेनमध्ये काय करते ते पाहा. २०२३ च्या उन्हाळ्यात ती खोदलेल्या खंदकांवर आणि सुरुंगांनी भरलेल्या शेतांवर चढाईसाठी वापरली गेली. थेट चढाईला तिचे चिलखत पातळ पडते, जवळ पडलेल्या तोफगोळ्याचे तुकडेही ते भेदतात, असे युक्रेनी अधिकाऱ्यांनीच सांगितले. गाडी तीच, तोफ तीच. मालीत शत्रू अजून बसायचा होता आणि झापोरिझियाच्या आघाडीवर तो वर्षभर बसून होता.

युक्रेन युद्धाचा दाखला देऊन कुणी म्हणेल की मग ही सगळी कल्पनाच आता मोडीत निघाली. आकाशात दिवसरात्र ड्रोन घोंगावतात, दिसले की काही मिनिटांत मारा होतो. अशा वेळी वीस टनांच्या गाडीचे काय काम? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला ‘ड्रोनविरोधी यंत्रणा येतील’ असे गुळमुळीत उत्तर देऊन भागणार नाही. स्थिरावलेल्या आघाडीवर मध्यम फौजेला खरोखरच जागा नाही. पण तिथे साठ टनांचा रणगाडाही जाळीचे छप्पर घालूनच फिरतो. ड्रोनने सगळ्याच गाड्यांचे आयुष्य आखूड केले आहे, फक्त चाकांच्या नव्हे. आणि त्याच युद्धात सप्टेंबर २०२२ मध्ये खारकिवच्या बाजूला रशियाची आघाडी विरळ होती. तिथे युक्रेनच्या चाकांच्या हलक्या-मध्यम गाड्या फटीतून आत शिरल्या आणि काही दिवसांत कुपियान्स्कपर्यंत पोचल्या. फट दिसणे आणि फटीतून आत शिरणे यांच्यामधला काळ ड्रोनने आकसून टाकला आहे. तेव्हा निष्कर्ष उलटाच निघतो : वेळेची किंमत पूर्वीपेक्षा वाढली आहे.

ब्रिटनने हे ओळखूनही घोटाळा केला. बॉक्सर फार जड होते म्हणून २००३ मध्ये तो त्या संयुक्त प्रकल्पातून बाहेर पडला आणि २०१८ मध्ये त्याच गाडीसाठी परत आला. मधल्या काळात वेगवान ‘स्ट्राइक’ ब्रिगेडची घोषणा झाली. तिच्यात चाकांची बॉक्सर आणि पट्ट्यांची एजॅक्स यांची एकत्र मोट बांधायची होती. हजार किलोमीटरच्या कूचेत एक धावणार आणि दुसरी ट्रेलरची वाट पाहणार, मग सगळ्या ब्रिगेडचा वेग किती? २०२१ मध्ये ही कल्पना गुंडाळली गेली. गाड्या निवडल्या होत्या, पण त्यांनी कुठे आणि किती तासांत पोचायचे हे ठरलेच नव्हते.

हा सारा खटाटोप आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण भारत आता त्याच वळणावर उभा आहे. अहिल्यानगर हे आपल्या चिलखती फौजेचे माहेरघर. रणगाडा दलाचे केंद्र आणि प्रशिक्षणसंस्था तिथे आहे. १९७९ मध्ये जनरल सुंदरजी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट तिथली. आणि लष्करी वाहनांची संशोधन संस्था व्हीआरडीईही तिथेच. ही रेजिमेंट होण्याआधीही आपल्या काही पलटणी आठ चाकांच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पूर्व युरोपीय ‘स्कॉट’ गाड्यांतून जात होत्या. म्हणजे आठ चाकी गाडी आपल्याला नवी नाही. नंतर पट्ट्यांची बीएमपी-२ आली, मेडकच्या कारखान्यात ‘सारथ’ नावाने बनू लागली आणि आजही आपले यांत्रिक पायदळ तिच्यावरच आहे. तिच्या जागी नवी गाडी आणायचा प्रकल्प दशकाहून जास्त काळ रखडला आहे. दरम्यान व्हॅपची पायदळासाठीची आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात लष्करप्रमुखांच्या हस्ते सैन्यात दाखल झाली. मोरोक्कोने ती गाडी घेतली आणि टाटांनी तिथे कारखानाही उभारला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात स्ट्रायकरच्या सहउत्पादनाचा उल्लेख आला.

घरची गाडी की बाहेरची, हा वाद यातून रंगतो. तो महत्त्वाचा असला तरी दुसरा आहे. पहिला प्रश्न : कुठे आणि किती वेळात?

पश्चिम सीमेवर वेळेने आपल्याला कसे फसवले ते डिसेंबर २००१ मध्ये दिसले. संसदेवर हल्ला झाल्यावर सैन्याला सीमेवर जाण्याचा आदेश मिळाला, पण देशाच्या आतल्या भागांतल्या छावण्यांतून चढाईच्या कोर सीमेपर्यंत पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तोवर जगाचा दबाव आला, पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांचे भाषण झाले आणि चढाईची वेळ निघून गेली. त्यातून झटपट हालचालीचे नवे डावपेच आणि छोटे एकात्मिक युद्धगट यांची चर्चा सुरू झाली. या चर्चेत चाकांच्या फौजेला जागा आहे. पण पंजाबमध्ये कालव्यांचे आणि बांधांचे जाळे आहे, शत्रूने ते मुद्दाम अडथळा म्हणून खोदून ठेवले आहे. तिथे बीएमपी तरंगते, व्हॅपही तरंगते. स्ट्रायकर मुळात तरंगणारी गाडी नाही. आणि बांधापलीकडे बसलेल्या शत्रूवर चाकांनी चढाई करायची म्हणजे झापोरिझियाची आवृत्ती. तिथे ही फौज सीमेलगत राहून पहिल्या काही तासांत मोकळा भाग, पूल आणि रस्ते धरण्यापुरतीच वापरावी.

लडाखचे गणित आणखी निराळे आहे, आणि अमेरिकेच्या कोणत्याही पुस्तकात त्याचे उत्तर नाही. २०२० मध्ये तिथे चीनशी संघर्ष उफाळल्यावर आपल्या हवाई दलाने अडुसष्ट हजारांवर सैनिक, सुमारे ९० रणगाडे आणि सुमारे ३३० बीएमपी नेल्याचे सांगितले जाते. हे काम खरोखर थोर होते. पण गाडी एका दिवसात पोचली तरी माणूस पोचत नाही. चौदा-पंधरा हजार फुटांवर लढायचे तर जवानाला टप्प्याटप्प्याने विरळ हवेची सवय करून द्यावी लागते आणि त्यात दोन आठवडे जातात. तिथे ९६ तासांची घोषणा फुप्फुसापाशी अडते. म्हणून लडाखमध्ये वेळ मिळवण्याचा मार्ग एकच : आधीपासून तिथेच असणे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस कैलास रांगेची उंची आपण आधी धरली, ती तिथल्या तयार माणसांमुळे, आणि मागे रणगाडे उभे करता आले कारण त्यांच्या रेजिमेंट काही वर्षे आधीच लडाखमध्ये नेऊन ठेवल्या होत्या. २५५ किलोमीटरचा दरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी रस्ता आता पक्का आहे, त्यावरचे पूल जड वाहने पेलतात. पलीकडे चीनने २०१७ च्या फेररचनेनंतर आपल्या ब्रिगेड जड, मध्यम आणि हलक्या अशा बांधल्या आहेत आणि मध्यम ब्रिगेड चाकांवर आहेत. त्यांच्याकडचे रस्ते आपल्यापेक्षा जुने आणि रुंद आहेत.

तेव्हा माझे मत असे आहे. बीएमपीच्या जागी सरसकट आठ चाकी गाडी आणू नये. वाळू, कालवे आणि खंदक यांच्यासाठी पट्ट्यांची गाडी लागणारच. चाकांच्या मोजक्या बटालियन उभ्या कराव्यात, पण लडाख आणि उत्तर सिक्कीमच्या पठारांवर त्या कायमच्या ठेवाव्यात, आळीपाळीने माणसे बदलत. गाड्या, दारूगोळा, सुटे भाग आणि थंडीत इंजिन सुरू ठेवायची सोय तिथेच असावी. गाडी अशी निवडावी की पहिल्या दिवशी तिच्या वजनात तीन-चार टनांची जागा शिल्लक असेल, कारण पहिल्या लढाईनंतर ती भरलीच जाणार. आणि तोफेपेक्षा आतल्या जागांची संख्या जास्त मोलाची मानावी, कारण खिंड शेवटी गाडी धरत नाही, तिच्यातून उतरलेला जवान धरतो.

यातले कुठलेही काम कारखान्याचे नाही. पुढच्या ठाण्यावर बटालियन कायम ठेवणे खर्चिक असते, तिच्या सेनानीला काही तासांत पुढे सरकण्याची मुभा आधीच देणे राजकीयदृष्ट्या धोक्याचे असते आणि शांततेच्या काळात हे दोन्ही निर्णय पुढे ढकलणे सोयीचे असते. गाडीच्या खरेदीचा समारंभ त्यामानाने सोपा. पण निर्णय तीन आठवड्यांनी आणि गाडी ताशी शंभर किलोमीटर वेगाची, असे असेल तर फौजेचा वेग तीन आठवडेच राहतो. तेव्हा स्ट्रायकर की व्हॅप याची निविदा काढण्याआधी सरकारने एक कागद लिहून ठेवावा : कोणत्या ठाण्यावरून, कुणाच्या आदेशाने, किती तासांत कुठे. तो कागद लिहायची तयारी नसेल तर त्या पैशांत रणगाडेच घ्यावेत, कारण उशिरा पोचणाऱ्याला जड असणेच भाग आहे.